आजीच्या ड्रेसिंग टेबलाबद्दल

चि. छकुलीस,


तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. डाव्या दाराला फुगा आलाय, खालच्या कडेचे टवके उडालेत, वरच्या फळीवर पाण्याची वर्तुळं आहेत. तुझा सुतार म्हणतो, सगळं व्हिनिअर खरवडून नवीन शीट लावू, वर पीयू मारू, टेबल नव्यासारखं होईल. त्याला आजच फोन कर आणि थांबव. माणूस वाईट नाही. हल्लीच्या प्लायवुडच्या सामानाला त्याची पद्धत चालते, पण या टेबलाला चालायची नाही.

आत साधं लाकूड आणि वर पातळ पापुद्रा, म्हणजे ही नक्कलच ना, असं तू विचारलंस. नाही गं. शिसवीची रुंद अखंड फळी हवेबरोबर फुगते, आकसते आणि शेवटी तडकते. म्हणून जाणते कारागीर सागवानाच्या पक्क्या अंगावर शिसवीची पत्री चढवत. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोर गोलाईदार बाल्कन्यांच्या इमारती उठल्या, तेव्हा त्यांत शोभेल असं सामानही मुंबईत घडू लागलं. 1937 च्या नोव्हेंबरात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं होतं. आईचं हे टेबल त्याच काळातलं. दोन्ही दारांपुढे उभी राहून बघ: मधल्या फटीपासून दोन्ही बाजूंना रेषा आरशातल्यासारख्या जुळतात. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेल्या दोन पत्र्या उलगडून लावल्यात. त्यातली एक फेकलीस, तर तिची जोडीदार कुठल्याही दुकानात मिळायची नाही.

म्हणून माझा आग्रह एकच. जे करशील ते असं कर, की पन्नास वर्षांनी कुणाला ते सोडवून पुन्हा नीट करता येईल. पॉलिशपेपरचं मशीन या टेबलाजवळ येऊ देऊ नकोस. पत्री जेमतेम मिलिमीटरभर, कडांना त्याहूनही कमी. मशीन एका झटक्यात खालचं सागवान उघडं पाडतं आणि त्यावर इलाज नाही. दुसरं, फेविकॉल नको. नव्या कामाला तो उत्तम, पण वाळल्यावर पाण्याने सुटत नाही, आणि त्याच्या थरावर पुढचा सरस धरत नाही.

जुन्या कारागिरांचा सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा असे. ऊब आणि ओल मिळाली की तो इतक्या वर्षांनीही मऊ पडतो, आणि नवा सरस जुन्याशी एकजीव होतो. तुझ्या टेबलाला तोच आहे का, ते आधी तपास. टवका उडालेल्या जागी कोमट पाण्याचा एक थेंब ठेव, थोड्या वेळाने बोट लाव. चिकट लागलं की समजायचं, सरसच.

उडालेले टवके केरात जाऊ देऊ नकोस. फरशीवर, खणांत, टेबलाच्या पायांमागे शोध. नखाएवढा तुकडा असला तरी पाकिटात घाल आणि वर लिही, कुठल्या कोपऱ्यातला. सैल कडांवर चिकटपट्टी मात्र लावू नकोस. काढताना ती पॉलिश घेऊन येते, कधी पत्रीही. मग सगळ्या पृष्ठभागावर नखाने हलकेच टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूची बारीक खूण कर. डोळ्याला दिसतात त्यापेक्षा सुटलेल्या जागा बहुधा जास्तच निघतात.

आता फुगा. आधी सोपा उपाय करून बघ. सुती फडकं भिजवून घट्ट पिळ, फुग्यावर ठेव आणि वाफ बंद केलेली, मध्यम तापलेली इस्त्री काही सेकंदच टेकव. पत्री मऊ होऊन खाली बसली, तर लगेच वर बटर पेपर, त्यावर सपाट लाकडाचा तुकडा ठेवून दारावर वजन दे. दार बिजागऱ्यांतून काढून आडवं ठेवलंस तरच हे जमेल. एवढ्याने पुष्कळदा काम भागतं. पॉलिशवर पांढुरका डाग आला तर घाबरू नकोस, तो नंतर निघतो.

नाही बसली, तर आतला सरस मेलाय, भुकटी झालाय. मेडिकलच्या दुकानातून सर्जिकल ब्लेड आण आणि फुग्यावर रेषेच्या दिशेनेच एक चीर दे. आडवी चीर जन्मभर दिसते. उभी, रेषेत मिसळून जाते. सरसाचे दाणे रात्रभर गार पाण्यात फुगव, मग भांड्यात भांडं ठेवून गरम कर. साठ अंशांच्या आसपास पुरे. उकळलास तर त्याची ताकद जाते. जाड सुईच्या सिरिंजने चिरेतून दोन्ही बाजूंना सोड, बोटाने कडेकडून चिरेकडे दाबत आण म्हणजे जास्तीचा बाहेर येईल. तो ओल्या फडक्याने पुसून वजन ठेव आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नकोस. उतावळेपणाने तासाभरात उचलून बघणाऱ्यांची पत्री पुन्हा उठते.

जिथला टवका कायमचा हरवलाय, तिथे ठिगळ लागेल. लांबी भरून वर रंग मारणं मला मान्य नाही. उजेड तिरपा पडला की ती जागा मेलेली दिसते. आजची शीट साधारण अर्ध्या मिलिमीटरची येते आणि खळग्यात बसते. त्यापेक्षा आरशाच्या मागच्या बाजूला किंवा खालच्या फळीच्या आतल्या अंगाला तीच शिसवी लावलेली असेल, तर तिथून ऊब देऊन सोडव. ठिगळ चौकोनी नको, होडीच्या आकाराचं, टोकं रेषेच्या दिशेला. आधी तुकडा काप, जखमेवर धर, त्याच्या कडेने ब्लेडची रेघ ओढ आणि मग त्या रेघेपर्यंतच खालचं काढ. चिकटवण्याआधी तुकडा ओला करून खिडकीकडे धर आणि उलटसुलट फिरवून पाहा. तोच तुकडा एका बाजूने काळपट दिसतो, दुसऱ्या बाजूने तांबूस. हे पाहायला वेळ दिलास तर ठिगळ शोधावं लागेल.

पॉलिशचं फार अवघड नाही. लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा फिरव. चिकट झालं तर चपडीचं जुनं पॉलिश आहे, आणि चपडीचाच नवा हात त्यात विरघळून बसतो. वर्तुळंही स्पिरिट जेमतेम लागलेल्या बोळ्याने फिकी होतील. सगळी जाणार नाहीत, तर जाऊ दे. तिथे आईचा पाण्याचा तांब्या असायचा.

पावसाळ्यात यातलं काहीही सुरू करू नकोस. लाकूड तेव्हा ओल धरून असतं आणि सरस वाळत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले. तोपर्यंत टेबल बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेव. सुताराकडून करून घ्यायचं ठरवलंस, तर मजुरी रोजावर ठरव. उक्तं काम दिलंस की त्याला उरकायची घाई होणार.

तुझा,
मामा

ता. क. डावं दार एकटीने काढू नकोस. बिजागरीचे स्क्रू पितळी आहेत, चिरी झिजल्यात. पेचकस चिरीत नीट बसणारा घे, आणि कुणाला तरी दार खालून धरायला सांग.