इंजिन बंद करायची किंमत कोणी मोजायची?

ट्रॉलीचा प्रश्न तुम्ही कुठल्या ना कुठल्या मीममध्ये पाहिलाच असेल. एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक, आणि ट्रॉली कुठे वळवायची ते तुम्ही ठरवायचं. फिलिपा फूट यांनी १९६७ साली हे कोडं मांडलं, त्यावर अजून वाद चालू आहेत. मला त्यात एक गोष्ट खटकते. तिथे निर्णयाचा क्षण ठळक असतो, सगळ्यांना दिसतो. खऱ्या आयुष्यात तो कंटाळवाणा असतो, इतका की तो आला आणि गेला हे कळतही नाही.

असा क्षण मला जुन्या ट्रॅक्टरच्या मागे दिसतो. नोकरी पुण्यात, कोडिंगची. पण घरची शेती लातूरकडे, त्यामुळे सोयाबीनच्या दिवसांत गावी जाणं होतंच. एकाच ट्रॅक्टरला कधी रोटाव्हेटर, कधी मळणी यंत्र जोडलं जातं. दोन्हींना ताकद मिळते ती ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेल्या पीटीओमधून. सहा खाचांचा, साधारण ३५ मिलिमीटर जाडीचा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याच्यावर जॉइंट, म्हणजे दोन्ही टोकांना क्रॉस असलेला शाफ्ट, बसवायचा.

रोटाव्हेटर सोडायची रीत अवघड नाही. सपाट जागा बघायची, अवजार जमिनीवर टेकवायचं, पीटीओ न्यूट्रल करायचा, इंजिन बंद, चावी खिशात. शाफ्ट फिरायचा थांबला हे डोळ्यांनी बघायचं. मग खटका दाबून आधी जॉइंट ओढून काढायचा, नंतर टॉप लिंक, शेवटी खालचे दोन हात. जोडताना उलटा क्रम: आधी डावा हात, मग उजवा, कारण उंची कमीजास्त करता येते ती बहुधा उजव्याची, मग टॉप लिंक, सगळ्यात शेवटी जॉइंट. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ‘इंजिन बंद’ ही पायरी बरेचजण गाळतात.

का गाळतात? सोपं उत्तर ‘निष्काळजीपणा’. ते मला पटत नाही. जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी मेलेली असते, सेल्फ उचलत नाही. एकदा बंद केला की चार माणसं ढकलायला लागतात, नाहीतर उतार शोधावा लागतो. शिवाय मळणीचं भाडं पोत्यावर किंवा तासावर, आणि पुढच्या शेतातून फोनवर फोन. मी एकदा एका ड्रायव्हरला बंद करायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “दादा, बंद करतो, ढकलायला तुम्ही येणार का?” प्रश्न रास्त होता. नव्या ट्रॅक्टरवाल्याला हाच नियम चावी फिरवण्याएवढा स्वस्त पडतो. नियम एकच, पण ज्याच्याकडे पैसे कमी त्याला तो महाग.

दुसरा बचाव असतो अनुभवाचा. “वीस वर्षं करतोय, काही झालं नाही.” इथे थोडं गणित करू. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे ९ फेरे सेकंदाला. ३५ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा घेर साधारण ११ सेंटिमीटर. म्हणजे पदर, ओढणी किंवा शर्टाची बाही अडकली, तर सेकंदाला जवळजवळ एक मीटर कापड गुंडाळलं जातं. काय झालं हे मेंदूला कळायलाच पाव सेकंद जातो. वीस वर्षांचा अनुभव त्या सेकंदात काहीच करू शकत नाही. तो उपयोगी पडतो तो फक्त आधी.

आणि यंत्र थांबवलं म्हणजे ते थांबलंच असंही नसतं. काही जुन्या सिंगल क्लच ट्रॅक्टरांमध्ये क्लच दाबला तरी फिरत्या रोटाव्हेटरचा वेग पीटीओमधून उलटा गिअरबॉक्समध्ये येतो आणि ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतो. घाईचंही असंच असतं. आपण मनात क्लच दाबलेला असतो, पण हंगामाचा वेग आपल्याला ढकलत राहतो.

आता खरा प्रश्न. शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. ग्रीस भरताना ते आड येतं म्हणून काढलं जातं, आणि परत बसत नाही. काढणारा मालक किंवा ड्रायव्हर. पण मळणी चालू असताना शाफ्टच्या आजूबाजूला कोण वावरतं? गंजीवरून काड आणून देणाऱ्या बाया, भुसा ओढणारा पोरगा. कव्हर काढायचा फायदा एकाला, धोका दुसऱ्याला. “त्यांना माहीत आहे की” असं म्हणतात. माहीत असणं म्हणजे मान्य असणं नव्हे. दिवसाच्या रोजावर आलेली बाई “कव्हर बसवा, मग येते” असं म्हणाली, तर उद्या तिच्या जागी दुसरी येईल.

ही विषमता कायद्यालाही दिसली होती. १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचा कायदा केला आणि त्यात मळणी यंत्रं घेतली. सुरक्षित रचनेची जबाबदारी त्याने बनवणाऱ्यावर टाकली, आणि यंत्रावर काम करताना कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर भरपाई काम देणाऱ्यावर. “नीट काम करत जा” एवढं मजुराला सांगून तो थांबला नाही. मला हा विचार मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअरमध्येही चुकीचं बटण दाबलं गेलं, तर चांगली टीम आधी विचारते की ते बटण तिथे उघडं का होतं. पण आमच्याकडे चूक रोलबॅक करता येते. हात रोलबॅक होत नाही.

मग जबाबदार कोण? मला वाटतं, ज्याच्याकडे गोष्ट बदलायची ताकद जास्त, त्याच्यावर जबाबदारी जास्त. ड्रायव्हरने इंजिन बंद करावं, हे त्याचं कर्तव्य आहेच. पण ते त्याला परवडेल असं करणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि मालक म्हणजे आमच्यासारखी घरं. नवी बॅटरी, शाफ्टचं कव्हर, ग्रीस भरायला ठेवलेली पंधरा मिनिटं: हा खर्च हंगामाच्या हिशेबात डिझेलच्या शेजारी लिहायला हवा. तो लिहिला नाही तरी कुणीतरी भरतंच. बहुतेकदा ते माणूस हिशेबाच्या वहीत फक्त रोजापुरतं असतं.

तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल तर दिवाळीआधी एकदा मागे जाऊन बघा, कव्हर आहे का. आणि सेल्फ मारून बघा.