पुढे वाचणाऱ्याची भाषा

कामणसारख्या वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात लहान कारखान्यांचं बरंचसं काम जॉबवर्कवर चालतं. माल चलनावर बाहेर जातो, काम होऊन परत येतो, आणि मग वजन, भंगार, घट यांचा मेळ घालावा लागतो. असा मेळ घालणारे प्रोग्राम एके काळी फॉक्सप्रो या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहून घेण्याची रीत होती. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तिचा आधार पूर्णपणे काढून घेतला. आता नवा प्रोग्राम जावात लिहायचा, सी शार्पमध्ये की पायथनमध्ये, हा प्रश्न बहुतेक वेळा वेग आणि खर्चाचा म्हणून मांडला जातो. मला तो त्याआधी नीतीचा वाटतो. आपण गेल्यावर ज्याला हे वाचावं लागणार आहे, त्याचं आपण काही देणं लागतो का?

डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये असं मांडलं की, प्रोग्राम म्हणजे कागदावरचा मजकूर नव्हे. तो का असा आहे याची जी समज तो लिहिणाऱ्यांच्या मनात असते, तीच त्याचा प्राण. ती माणसं पांगली की मजकूर शाबूत असूनही प्रोग्राम मरतो. समजा, जुन्या प्रोग्रामात कुठेतरी नुसता १८० हा आकडा आहे. अबकारी कराच्या काळात जॉबवर्कला दिलेला माल १८० दिवसांत परत यावा लागे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि कच्च्या मालासाठी ही मुदत एक वर्षाची झाली. हे ठाऊक नसलेला तरुण तो आकडा निष्ठेने नव्या भाषेत उतरवून घेईल. मजकूर तंतोतंत उतरेल, पण त्यामागचा अर्थ केव्हाच निघून गेलेला असेल.

भाषा निवडताना कोणाला समोर ठेवायचं, याचा विचार मराठीत सातशे वर्षांपूर्वी झाला आहे. महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांनी पंथातले पंडित केशिराज यांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवलं, कारण त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायकांची नागवणूक झाली असती. संस्कृत कमी समर्थ आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांनी ज्ञान कोणापर्यंत पोचायचं हे आधी ठरवलं आणि भाषा त्यावरून ठरली. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

यावर आक्षेप येईल की धर्मग्रंथ माणसांसाठी असतो आणि प्रोग्राम यंत्रासाठी, तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. पण यंत्राला भाषेचं सुखदुःख नसतं. कुठल्याही भाषेतलं लिखाण शेवटी त्याच्याच आज्ञांत उतरतं. प्रोग्रामिंगच्या भाषा माणसांच्या सोयीसाठीच निर्माण झाल्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाचणाऱ्याकडेच पाहायचं, तर आज जे फॉक्सप्रो जाणतात त्यांच्यासाठी फॉक्सप्रोच का ठेवू नये? काही ठिकाणी ठेवावंही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा ती तीनेकशे वर्षं जुनी झाली होती. तरी त्यांनी ती आपल्या काळच्या मराठीत नव्याने रचली नाही, पोथ्या पडताळून पाठ नीट केला. मात्र ज्ञानेश्वरी वाचणारे तेव्हा होते आणि पुढेही येत राहिले. फॉक्सप्रो शिकणारे नवे लोक येत नाहीत, आणि देणं आजच्या जाणकाराइतकंच उद्याच्या नवख्याचंही आहे.

म्हणून कामणच्या कारखानदाराने पहिला पैसा भाषेवर घालू नये. चलन, मुदत, घट, उधारी यांचे नियम आणि त्यांची कारणं आधी हिशेबनीसाकडून मराठीत लिहून घ्यावीत. त्यातलं साधं काम टॅलीसारख्या तयार प्रोग्रामात भागत असेल तर ते तिथेच करावं. जे उरेल त्यासाठी वसई-विरारच्या कॉलेजांतून बाहेर पडणारी मुलं जी भाषा शिकून येतात ती घ्यावी, मग एखादी दुसरी भाषा तिच्याहून थोडी वेगवान असली तरी चालेल.