नाही म्हणायची सोय

"गुरुजींच्या घरून वहिनींचा फोन आला होता," मी ताईंना म्हणाले. "गुरुवारी या, पण तंबोरा आणू नका म्हणाल्या."

ताई उठल्या, गॅलरीचं दार लावून आल्या. संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या त्या रस्त्यावर रिक्षांचा गलका असा काही चढतो की घरातलं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही दोघी एकाच गुरूंच्या. त्या पन्नास वर्षांपूर्वी शिकायला लागल्या, मी फार नंतर.

गुरुजींना फेब्रुवारीत पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणसं ओळखतात, पण नाव ओठांवर येत नाही. 'हो' हा एकच शब्द उरलाय आणि तो होकारालाही तोच, नकारालाही तोच. चहा हवा का? हो. नको का? हो.

"मागच्या गुरुवारी नेमकं काय झालं?"

"मी तंबोरा छेडायला घेतला. पंचम किंचित उतरला होता, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी मणी सरकवला, तशी आठी गेली. मग मी षड्ज लावला आणि ते रडायला लागले. थांबेचनात. रात्री दोनपर्यंत झोप नाही. वहिनी म्हणाल्या, तुम्ही निघून जाता, मागचं आम्ही निस्तरतो."

"त्यांचं काय चुकलं?"

"काहीच नाही. पण डॉक्टर म्हणतात, अशा झटक्यानंतर रडू आपसूक फुटतं. मागे दुःख असेलच असं नाही."

"म्हणजे ते जमेलाच धरायचं नाही?"

"कसं धरायचं, तेच कळत नाही. रडणं आजाराचं असेलही. पण उतरलेला पंचम ओळखणं आजाराचं नाही ना, ताई? आत आपले गुरुजी शाबूत आहेत."

"म्हणूनच मला भीती वाटते," ताई म्हणाल्या. "कान शाबूत आणि गळा गेलेला. दर गुरुवारी जाऊन काय गेलं ते तू त्यांना दाखवून येत असशील तर?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. मग आठवलं ते सांगितलं. त्या रडण्यातच गुरुजींनी मुखडा म्हटला होता, अख्खा, शब्दांसकट. ज्यांना माझं नाव घेता येत नाही, त्यांना बंदिशीचे शब्द येत होते. यात चमत्कार नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेली माणसं पुष्कळदा गाण्यातले शब्द म्हणू शकतात. सुरावर बोलायला शिकवण्याची उपचारपद्धतही त्यातूनच आली.

"म्हणजे तंबोरा हा एक प्रकारे उपचारच झाला," मी म्हणाले.

"उपचारच करायचा असेल तर स्पीच थेरपिस्ट आहे की. तू कशाला जातेस ते सांग."

ताईंसमोर खोटं बोलता येत नाही, गाताना येत नाही तसंच. "त्या बंदिशीचा अंतरा राहिलाय," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी अस्ताई दिली, अंतरा पुढे बघू म्हणाले. परवा मुखडा ऐकला आणि पहिला विचार हाच आला, ताई. ते रडत होते आणि मी अंतऱ्याची वाट बघत होते."

मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "हाव आहेच. शिष्याला हाव नसेल तर गुरूने द्यायचं कुणाला? सवाई गंधर्वांचं बघ. १९४२ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि भर मैफलींतला तो गळा थांबला. त्यानंतर दहा वर्षं जगले, १९५२ साली इथे पुण्यातच गेले. त्या दहा वर्षांत शिकवणं सोडलं नाही. १९४६ मध्ये हिराबागेत त्यांच्या षष्ट्यब्दीला त्यांचे शिष्य, तरुण भीमसेन जोशी गायले. आता मला सांग, गुरूंना यातना होतील म्हणून त्या दिवशी भीमसेनांनी गायचं नाही, असं कुणी म्हणालं असतं का?"

"पण सवाई गंधर्वांना नको म्हणता येत होतं," मी म्हणाले.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हो. तो फरक मोठा आहे."

सगळी अडचण तिथेच होती. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ किती? गुरुजींच्या मनातलं मी माझ्या सोयीने वाचत होते, वहिनी त्यांच्या थकव्यातून वाचत होत्या. दोघींचंही प्रेम खरं होतं आणि म्हणून दोघींचाही भरवसा धरता येत नव्हता.

"२००७ साली सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेनजी गायला बसले, तेव्हा मी रमणबागेत होते," ताई म्हणाल्या. "पंच्याऐंशी वय, शरीर पार थकलेलं. मंडपात माझ्या आजूबाजूला बायाबाप्ये डोळे पुसत होते. मीही. घरी येताना वाटलं, त्यांना कशाला बसवलं? मग लक्षात आलं, रडत होतो ते आपण. ते तर गात होते. आपल्याला बघवत नाही, याला आपण त्यांचं दुःख म्हणतो."

"म्हणजे तंबोरा न्यावा?"

"असं कुठे म्हटलं मी? बोलता येत नाही, पण मान वळवता येते ना?"

"डावीकडे येते. भिंतीकडे."

"मग पलंगाच्या उजव्या अंगाला बस. तंबोरा गवसणीतच ठेव, पण त्यांना दिसेल असा. विचार आणि थांब. लगेच तारेला हात लावू नकोस. त्यांना नाही म्हणायची सोय राहिली पाहिजे. आणि आधी वहिनींना विचार. गुरुजींना नव्हे, वहिनींना. रात्री दोनपर्यंत त्या जागतात."

"आणि गुरुजींनी मान वळवली तर?"

"तर तंबोरा खांद्याला लावून घरी यायचं."

"अंतरा?"

"राहिला तर राहिला. माझ्याकडे अशा तीन बंदिशी आहेत. अस्ताईच गाते मी त्यांची."

वहिनींना त्या रात्रीच फोन केला. "अर्धा तास," त्या म्हणाल्या, "आणि मी खोलीतच बसणार."

गुरुवारी मी चपलांच्या स्टँडपाशी थोडी घुटमळले, मग आत गेले. वहिनी खिडकीजवळ मेथी निवडत बसल्या होत्या. गुरुजींच्या पायांना हात लावला. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, पूर्वीसारखाच, जरा जड. तंबोरा मी कपाटाला टेकवून उभा केला. त्याचा भोपळा गवसणीतूनही ओळखू येतो. त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"काढू, गुरुजी?"

"हो," ते म्हणाले. आणि मान भिंतीकडे वळवली.

माझा हात गवसणीच्या नाडीवर होता, तो मी काढून घेतला. वहिनी मेथी निवडायच्या थांबल्या होत्या. मी पलंगाशी बसून ताईंच्या घरचं सांगितलं, क्लासमधली नवी मुलगी कोमल गंधार कसा चढा लावते ते सांगितलं. कोमल गंधार शब्द आला तशी त्यांनी मान पुन्हा इकडे वळवली. आठी पडली होती कपाळावर. मी त्या मुलीसारखा गंधार लावून दाखवला, मग तो थोडा उतरवला. आणखी थोडा. त्यांचा डावा हात चादरीवर खाली खाली जात राहिला.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. तंबोरा माझ्या खांद्याला होता.

"पुढच्या गुरुवारी?" मी विचारलं.

"आणा," त्या म्हणाल्या. "विचारून बघू त्यांना."