बाहेरून आलेल्या बाईची बालवाडी

गडचिरोली जिल्ह्याच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत धानाच्या बांध्यांमधून जाताना मधूनच अशी गावे लागतात, जिथे घरात बांगला बोलतात आणि बाजारात मराठी. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६०च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी देऊन वसवले, त्यांची ही गावे. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली, म्हणजे ही माणसे जिल्ह्याच्याही आधीची. त्यांच्यातले पुष्कळ जण नमशूद्र. ही जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. त्यामुळे बारावी झालेल्या इथल्या मुलीला अनुसूचित जातींच्या राखीव जागेचा आधार नाही. गाव सोडून शहरात जाऊन शिकण्याची ऐपत थोड्यांचीच. मग गावातल्या गावात, घर सांभाळून करता येईल असे पगाराचे काम कोणते उरते? अंगणवाडीचे.

बाहेरून आलेल्या बाईला लहान मुलांना शिकवण्याचे काम जगभर असेच सापडते. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी बायका इथली पदवी तिथे चालत नाही म्हणून मॉन्टेसरीचे प्रशिक्षण घेतात आणि बालशाळेत उभ्या राहतात. अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या बायकांना, त्यातही काहींनाच, कामाची परवानगी मिळाली ती २०१५ साली. त्याआधीची वर्षे घरात बसून गेली. मुलचेऱ्याची सेविका आणि न्यू जर्सीची शिक्षिका एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण दोघींच्या वाट्याला हे काम येण्याचे कारण एकच आहे. समाजाने ते स्वस्त ठरवले आहे, म्हणून त्याचे दार उघडे आहे. माझे म्हणणे एवढेच की दार उघडे ठेवावे आणि कामाचा स्वस्तपणा संपवावा. त्यासाठी पक्के प्रशिक्षण हवे, आणि तिने सोबत आणलेली भाषा तिची पात्रता म्हणून मोजली जायला हवी.

भाषेचे मोल कळायला एखाद्या अंगणवाडीत सकाळी बसून पाहावे. दोन वाट्या आणि मूठभर धान. एका वाटीतले धान दुसरीत ओतायचे, सांडले तर वेचायचे. सेविका काही न बोलता एकदा करून दाखवते आणि वाट्या मुलापुढे सरकवते. मूल तीन वर्षांचे. ओठ घट्ट मिटून ते ओतते, आणि एक दाणा सतरंजीच्या विणीत अडकतो. सेविका धावून जात नाही. मूल नखाने खरवडते, शेवटी बोट ओले करून दाणा उचलते आणि तिच्याकडे बघून घरच्या बोलीत एक लांबलचक वाक्य बोलते. तिला ते कळते, ती त्याच बोलीत उत्तर देते, आणि पुढच्या वाक्यात मराठीचा एक शब्द हळूच आत सोडते. हे वाक्य जिला कळलेच नसते तिने मान डोलावली असती, आणि महिन्याभरात मूल बोलेनासे झाले असते. असे गप्प झालेले मूल पुढे पहिलीच्या वर्गात ‘कच्चे’ ठरते.

मारिया मॉन्टेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी आपले पहिले बालगृह रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडले. पोटासाठी शहरात आलेल्या गरीब कुटुंबांच्या त्या चाळी होत्या. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे असा मॉन्टेसरींचा आग्रह होता. पुढे त्या स्वतःही परक्या देशात अडकल्या. १९३९ साली त्या मद्रासला आल्या, इटली युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारच्या लेखी शत्रूराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि १९४६पर्यंत भारतातच राहिल्या. त्या काळात त्यांनी हजाराहून अधिक भारतीय शिक्षक तयार केले. आज मात्र चंद्रपुरात किंवा नागपुरात मॉन्टेसरी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती भरमसाट फीची इंग्रजी शाळा. पद्धत ज्यांच्यासाठी जन्मली त्यांच्यापासून ती हिरावली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

महाराष्ट्रात ती एकदा गरिबांच्या दारी नेली होती ताराबाई मोडकांनी. मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजरातीत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. लहानपणी वैधव्य आलेल्या अनुताईंनी या कामात आपले सारे आयुष्य उभे केले. १९५७ साली दोघी कोसबाडला गेल्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया घेतल्या आणि वारली मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. या दोघींनी आधी वर्षानुवर्षे स्वतः शिकून घेतले होते, हे आपण सोयीने विसरतो. साधने स्वस्त केली, शिक्षिकेची तयारी स्वस्त केली नाही.

सरकारी अंगणवाडी योजनेत नेमके उलटे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेलीला वर्षाची पदविका देण्याचे म्हटले आहे, पण मुख्यतः दूरस्थ पद्धतीने, टीव्हीच्या वाहिन्या आणि स्मार्टफोन वापरून. गडचिरोलीतल्याच भामरागडच्या आतल्या गावांत पावसाळ्यात रस्ता तुटतो, तिथे नेटवर्कची गोष्टच सोडा. आणि वाटीतून वाटीत धान ओतताना हात कुठे थांबवायचा, हे मोबाइलच्या पडद्यावर शिकता येत नाही.

मोबदल्याचेही तेच. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन महिना ४,५०० रुपये ठरवले, राज्य त्यावर भर घालते. राज्यातल्या सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या, तो संप जानेवारीतही चालू होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी त्यांना मिळते त्याला अजून मानधनच म्हणतात.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. गडचिरोलीत आधीच नोकऱ्या थोड्या. त्यात बाहेरून आलेल्यांचा कैवार घेतला तर माडिया-गोंड मुलींचे काय? २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे स्थानिक आदिवासींसाठी राखली, ते योग्यच झाले. त्याला धक्का लागता कामा नये. पण दोन्ही मागण्या मुळात एकच आहेत. माडिया मुलाला माडिया बोलणारी बाई हवी, बंगाली मुलाला बंगाली बोलणारी, सिरोंच्याकडच्या मुलाला तेलुगू बोलणारी. बहुसंख्य मुलांची भाषा सेविकेला यावी असे भरतीचे नियमही सांगतात, पण लिहिता-वाचता येण्याची अट घालतात. माडिया लिहायला कुठल्या शाळेने शिकवले? तिथे बोलता येणे पुरे मानावे. आणि वस्ती मिश्र असेल तर सेविका एका भाषेची, मदतनीस दुसऱ्या भाषेची, अशी नेमणूक करायला कुठे फारसा खर्च येतो?

२०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथे बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम निघावा. शिकवणे मराठीत, सराव आपापल्या भाषेच्या अंगणवाडीत, राहण्याची सोय, लेकुरवाळ्या विद्यार्थिनीच्या मुलासाठी पाळणाघर, आणि हातात असा दाखला की जो बल्लारपुरात चालेल, पुण्यात चालेल आणि पुढे पदवीलाही धरला जाईल. पद गावाशी बांधलेले असल्याने लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या सेविकेची वर्षांची कमाई शून्य होते. दाखला तिच्याबरोबर जाईल.

हे आता निकडीचे झाले आहे. सुरजागडचे लोहखनिज निघू लागले, कोनसरीत कारखाना आला, आणि परप्रांतातून कामगार येऊ लागले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने आणि चंद्रपूर-घुग्घुसच्या कोळसा खाणींनी अशाच वसाहती वसवल्या होत्या. तिथल्या कामगारांच्या शिकलेल्या बायकांनी एका खोलीत नर्सऱ्या चालवल्या, हातात कसलेही प्रशिक्षण नसताना, तुटपुंज्या पैशांवर. कोनसरीच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहायला येणाऱ्या बायकांपैकी कुणाला हे काम करायचे असेल, तर तिला कुठे जाऊन शिकायचे हे सांगता येईल अशी एक तरी जागा जिल्ह्यात असायला हवी.