परतणाऱ्यांची रांग

1897 सालचा साथरोग कायदा अगदी छोटा आहे, प्लेगच्या धास्तीत घाईघाईने केलेला. प्रवाशांचा उल्लेख मात्र त्यात आवर्जून आहे. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने येणाऱ्यांची तपासणी करावी, संशय आला तर त्यांना रुग्णालयात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळं ठेवावं, बंदरातली जहाजं तपासावीत, गरज पडली तर त्यांतल्या माणसांना अडवून ठेवावं. कोविडच्या साथीत 13 मार्च 2020 ला महाराष्ट्र सरकारने हाच कायदा लागू केला. पुढच्या महिन्यात केंद्राने वटहुकूम काढून त्यात दुरुस्ती केली. डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली, ते योग्यच झालं. तपासायच्या वाहनांच्या यादीत बस, मालवाहू गाडी आणि विमान यांचीही भर पडली. म्हणजे सव्वाशे वर्षांत प्रवाशाच्या वाट्याला या कायद्याकडून काय आलं, तर विमान. अडवलेल्या माणसाने घरी कसं पोचायचं, त्याच्या अर्जाला कुणी आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं, याबद्दल तेव्हाही ओळ नव्हती आणि आताही नाही.

मी पनवेलचा. नोकरीनिमित्त बरीच वर्षं मस्कतला आहे. साथीच्या काळात एकदा तिकडे अडकलो, एकदा इकडे. त्यातून माझं एक मत बनलं, आणि ते आता वाद घालूनही हलत नाही. साथीत फिरायला बंदी जरूर असावी, परतायला नसावी. सहलीला निघालेला, कामाला निघालेला आणि घरी निघालेला माणूस विमानतळावरच्या रांगेत सारखाच दिसतो. पण सरकारने त्यांच्याकडे रांगेतल्या माणसाच्या नजरेने पाहायचं नसतं.

मस्कत 10 एप्रिल 2020 पासून नाकाबंदीत गेलं. मत्राह त्याच्याही आधी बंद झालं होतं. मत्राह म्हणजे जुनं बंदर, मागे दाट वस्ती, आणि त्या वस्तीत एकेका खोलीत सात-आठ जण राहणारे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगार. मी राहतो तो भाग ऐसपैस. बाल्कनीत उभं राहून फोनवर आईला 'इकडे सगळं ठीक आहे' असं सांगणं मला परवडत होतं. ओमानने परदेशी कामगारांची तपासणी आणि उपचार मोफत केले, ज्यांच्याकडे वैध कागद नव्हते त्यांचेही. हे मुद्दाम लिहितो, कारण आखाताबद्दल आपल्याकडे एक तर दिनाराचं कौतुक असतं नाहीतर गुलामगिरीच्या कथा. पण त्याच सुमारास कंपन्यांना पगार कापायची आणि परदेशी कामगारांचे करार संपवायची मुभाही मिळाली. औषध फुकट, नोकरी गेलेली, खोलीचं भाडं थकलेलं आणि भारताकडे जाणारं विमान नाही. भारताने 23 मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली होती. ती पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. या अवस्थेतला गवंडी किंवा सुतार दूतावासात नाव नोंदवतो, तेव्हा तो प्रवासाची परवानगी मागत असतो असं म्हणणं मला थट्टेसारखं वाटतं.

परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी 'वंदे भारत'ची उड्डाणं 7 मे 2020 ला सुरू झाली. पहिल्या आठवड्यासाठी 12 देशांतून 64 विमानं, सुमारे 14,800 माणसं. त्यांत केरळला 15 विमानं आणि महाराष्ट्राला 7. मुंबईची तेव्हाची अवस्था पाहता हा आकडा समजून घेता येतो. पण केरळचा आकडा काही दयेतून आलेला नव्हता. तिथे परदेशस्थ केरळीयांसाठी 1996 पासून 'नोर्का' हे वेगळं खातं आहे. विमानं ठरण्याआधीच त्यांनी परतू इच्छिणाऱ्यांची नोंदणी सुरू केली होती. कोण कुठे आहे, कोण गरोदर आहे, कुणाची नोकरी गेली, हे त्यांना आधी ठाऊक होतं. रत्नागिरी-रायगडातून पिढ्यान् पिढ्या माणसं आखातात आणि बोटींवर जातात, तरी त्या तोडीचं दार महाराष्ट्रात मला तेव्हा सापडलं नाही. गणेशोत्सवाला परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना शुभेच्छा देण्यापलीकडे आपलं राज्य आपल्या बाहेरच्या माणसांना फारसं ओळखत नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांची तऱ्हा आणखी वेगळी. आईवडिलांचे पासपोर्ट भारतीय, मूल तिकडे जन्मलेलं, म्हणून त्याच्याकडे परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड. मार्चमध्ये त्या कार्डावरचा मुक्त प्रवेश स्थगित झाला होता. परिणामी आईवडिलांना विमानात जागा आणि कडेवरच्या मुलाला मनाई, असे प्रसंग घडले. 22 मे रोजी केंद्राने ही अट शिथिल केली. तान्ह्या मुलाला 'परदेशी प्रवासी' ठरवायला दोन महिने कुणालाच काही वाटलं नाही, कारण नियमाला कुठून आलात आणि कोणता कागद आहे एवढे दोनच प्रश्न ठाऊक होते. जायचं कुठे आहे आणि तिथे तुमचं कोण आहे, हे विचारायची सोय त्यात नव्हती.

मी पावसाळ्यात परतलो. पैसे भरून हॉटेलातलं विलगीकरण, मग घरातलं. त्याबद्दल तक्रार नाही. वेगळं ठेवणं आवश्यक होतं. महाराष्ट्रात पहिले रुग्ण 9 मार्चला सापडले तेही दुबईहून पुण्यात परतलेलं दांपत्य होतं. विमानातून रोग येतो हे खोटं नव्हतं. तक्रार आहे ती परतणाऱ्याकडे पाहायच्या नजरेबद्दल, आणि ती नजर मला सगळ्यांत स्पष्ट दिसली ती मस्कतला नव्हे, मुंबई विमानतळावर नव्हे, तर पनवेलमध्ये.

पनवेलची जागाच तशी आहे. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने इथे उतरायचा आणि पुढे घाट चढायचा. 1852 सालची इथली नगरपालिका, 2016 पासून महापालिका. आज गोव्याचा रस्ता इथून फुटतो, पुण्याचा द्रुतगती मार्ग कळंबोलीतून सुरू होतो, हार्बरची लोकल इथे संपते. आल्यागेल्यावरच हे गाव वाढलं. साथीत मात्र याच गावाला आल्यागेल्याची भीती वाटू लागली. मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांना खारघरच्या ग्रामविकास भवनात ठेवलं, तेव्हा 'आमच्याच भागात का?' हा सूर निघाला. मग भीतीचं तोंड मुंबईकडे वळलं. रोज मुंबईत जाऊन येणारे पोलीस, परिचारिका, बेस्टचे आणि पालिकेचे कर्मचारी इथेच कामोठे-कळंबोलीत राहतात. त्यांची राहायची सोय मुंबईतच करावी, त्यांनी घरी येऊ नये, अशी मागणी पनवेल-नवी मुंबईत जोर धरू लागली. संध्याकाळी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या त्यांनाच लिफ्ट वापरू नका म्हणून सांगणाऱ्या सोसायट्या मी नावानिशी सांगू शकतो, पण त्यांत माझे नातेवाईक राहतात. सोसायटीचा सचिव हे एरवी पाण्याच्या टँकरवरून शिव्या खाणारं पद. त्या काही महिन्यांत त्याला तहसीलदाराचे अधिकार आले. कामवाली कधी येणार, पेपर कुठे ठेवायचा, पाहुणा किती वेळ थांबणार, सगळं तोच ठरवू लागला. शासनाने न घातलेल्या बंद्याही त्याने घातल्या.

आता गंमत पाहा. मुंबईकराला नको म्हणणारा हाच पनवेलकर श्रावणात गाडी काढून कोकणात निघाला, तेव्हा गावाने त्याला तेच ऐकवलं. 22 ऑगस्टला गणपती. चाकरमान्यांनी 12 ऑगस्टच्या आत पोचावं, दहा दिवस विलगीकरणात राहावं; एसटीने गेलात तर प्रवास-परवानगीचा ई-पास नको, स्वतःच्या गाडीने गेलात तर हवा. कशेडी घाटाच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. गावात ग्राम समित्या बसलेल्या. मुंबई-ठाण्याच्या मनिऑर्डरींवर ज्या गावांतल्या शाळा आणि देवळं उभी राहिली, तिथे 'यंदा नाही आलात तर बरं' असं म्हणायची पाळी सख्ख्या भावावर आली. मी गावकऱ्यांना दोष देत नाही. तालुक्याला अतिदक्षता विभागातल्या खाटा किती, हे त्यांना माहीत होतं. ओमान भारताकडे, मुंबई दुबईकडे, पनवेल मुंबईकडे आणि महाड-चिपळूण पनवेलकडे एकाच डोळ्याने पाहत होतं, आणि जो तो फक्त आपल्या वरच्याला अन्यायी म्हणत होता.

पण ही नजर चुकीच्या जागी लागलेली होती, याचा पुरावा पनवेलमध्येच पहिल्या काही आठवड्यांत मिळाला होता. एप्रिल 2020 च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर पहाऱ्याला असणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे अकरा जवान बाधित निघाले. त्यांची छावणी पनवेल महापालिकेच्या हद्दीत. या जवानांनी कुठलाही प्रवास केला नव्हता. ते दारात उभे राहून इतरांचे कागद तपासत होते आणि रात्री छावणीत एकत्र राहत होते. मत्राहच्या खोल्या, ही छावणी, पुढे धारावी: रोग पसरला तो माणसांना जिथे कोंबून ठेवलं होतं तिथे. कुठून आलात यापेक्षा कुठे आणि किती जणांत राहणार, हा प्रश्न जास्त उपयोगाचा होता. तो विचारला असता तर उत्तर म्हणून खोल्या द्याव्या लागल्या असत्या. प्रवेशबंदीचा फलक त्या मानाने स्वस्त पडतो.

मे 2020 च्या पहिल्या आठवड्यात पनवेल स्थानकातून मध्य प्रदेशातल्या रीव्याकडे श्रमिक गाडी सुटली. त्यासाठी मजुरांनी पोलीस ठाण्यात अर्ज भरले होते, सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही मागितला जात होता. दाखल्यासाठी दवाखान्याबाहेर जी गर्दी झाली असेल, तिची कल्पना ज्याने नियम केला त्यालाच आली नसावी. ज्यांना गाडी मिळाली नाही ते पळस्पे फाट्यावरून चालू लागले. त्याच आठवड्यात 'वंदे भारत'ची विमानं उतरू लागली. हे मजूर आणि विमानातले प्रवासी, दोघांचंही मागणं एकच होतं. माझ्यासारख्याला पैसे भरून खोली मिळाली, त्यांना रस्ता. अनिवासी भारतीयांच्या हालअपेष्टांबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी ही जोडी विसरू नये, म्हणून इथे नोंदवतो.

एप्रिल 2021 मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी मी पनवेलला होतो, आणि 24 तारखेला ओमानने भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं. ते 1 सप्टेंबरला उघडलं, लस घेतलेल्यांसाठी. दुसऱ्या लाटेतली भारताची स्थिती पाहता बंदी समजण्याजोगी होती, आणि ओमान काही माझा देश नव्हे. तिथे मी पाहुणा. परतण्याचा हक्क मागू शकत नाही, फार तर नोकरी टिकवण्याची विनंती करू शकतो. हा फरक मला मान्य आहे. त्या महिन्यांत लसीच्या नियमांनी मात्र करमणूक केली. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत 84 दिवसांचं अंतर, पण परदेशी जाणारे विद्यार्थी, नोकरदार आणि ऑलिंपिकचे खेळाडू यांना जूनपासून 28 दिवसांनंतरच दुसरी मात्रा. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक. आणि 15 ऑगस्टपासून हेच प्रमाणपत्र दाखवून, दुसऱ्या मात्रेला चौदा दिवस झाले असतील तर, लोकलचा पास मिळू लागला. पनवेल स्थानकावर तपासणीच्या टेबलापुढे उभा होतो, तेव्हा मस्कतला जायला आणि मानखुर्दला जायला एकच कागद लागत होता. माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंची एकच मात्रा झाली होती, आणि त्यांचं काम होतं वाशीच्या चार घरांत स्वयंपाकाचं. त्यांना 28 दिवसांची सवलत नव्हती, कारण त्या समुद्र ओलांडणार नव्हत्या.

स्वतःच्याच नागरिकांना अडवणाऱ्या देशांचं काय? मे 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना काही दिवस बंदी केली, मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद दाखवून. न्यूझीलंडने त्याआधी एप्रिलमध्ये तशीच काही दिवस बंदी केली होती, आणि पुढे विलगीकरणाच्या खोल्यांसाठी संगणकावर सोडत काढली. आई अंथरुणाला खिळलेली असो की सुट्टी संपलेली असो, नंबर लागेल तेव्हा लागेल. परदेशात अडकलेले न्यूझीलंडकर न्यायालयात गेले. एप्रिल 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. विलगीकरण योग्य, खोल्यांची मर्यादाही समजण्यासारखी. पण कुणाची निकड किती हे न पाहता नुसती सोडत काढल्याने नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर गदा आली. मला हा निकाल साथीच्या काळातल्या कित्येक शास्त्रीय अहवालांइतका महत्त्वाचा वाटतो. रोगाची भीती खरी मानूनही न्यायालयाने राज्यकर्त्यांना विचारलं की रांग कशी लावलीत.

यावर आक्षेप येईल, तो मीच मांडतो. निकड ठरवायला बसलं की वशिला शिरतो. सोडत निदान आंधळी असते. आपल्याकडे अंत्यविधीच्या ई-पाससाठी खोट्या मृत्यूंची कारणं दिली गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरं आहे. पण खोटे अर्ज आले म्हणून अर्जच नकोत, हा उपाय नव्हे. मुदतीत उत्तर, नकाराचं लेखी कारण, वर दाद मागायची एक जागा, आणि खोल्यांची सोय सार्वजनिक खर्चाने: एवढं कायद्यात आधीच लिहून ठेवता येतं. साथ आल्यावर ते लिहायला कुणाला वेळ नसतो, आणि साथ गेल्यावर कुणाला गरज वाटत नाही.

पनवेलला मात्र ती वाटायला हवी. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. ते उलव्याचं, म्हणजे पनवेल तालुक्यातलं. पुढच्या साथीत परदेशातून आलेला माणूस आधी इथे उतरेल आणि मग मुंबईला जाईल. तेव्हा पनवेलकर मुंबईकडे बोट दाखवू शकणार नाहीत. बोट त्यांच्याकडे असेल, वाशीकडूनही आणि कशेडीकडूनही. 2020 मध्ये ग्रामविकास भवन आणि कोनगावच्या रिकाम्या इमारती हाताशी होत्या म्हणून निभावलं. आता विमानतळाभोवतीची जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते आहे, टॉवरांच्या जाहिराती द्रुतगती मार्गाच्या दोन्ही बाजूंना लागल्या आहेत. परतणाऱ्या काही हजार माणसांना दोन आठवडे नीट ठेवता येईल अशी एखादी जागा विकास आराखड्यात राखून ठेवा, अशी हरकत-सूचना महापालिकेकडे नोंदवायला पनवेलकरांना परदेशी जायची गरज नाही.