खिशातल्या गोळ्या : गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७



आजचे दोन श्लोक तुम्हाला माहीत असतील. जिमच्या भिंतीवरही त्यांचा अर्थ लिहिलेला मी पाहिलाय. भगवान अर्जुनाला सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं युक्त आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो. माउली ज्ञानेश्वरीत इथे जेवण, चालणं, बोलणं, झोप हे सगळं मापात ठेवायला सांगतात.

माप म्हटलं की मला बरं वाटायचं. माझ्या मनगटावर रोजची पावलं मोजणारं घड्याळ आहे. रात्री साडेदहाला फोन बाजूला, सकाळी सूर्यनमस्कार, एकादशीला साबुदाण्याऐवजी फळं. पुण्यातल्या माझ्या टू-बीएचकेमध्ये मी स्वतःला जवळजवळ योगीच समजत होतो. हे चिंतन मागच्याच वर्षी लिहिलं असतं तर झोप आणि जेवणाच्या वेळांवर लिहून मोकळा झालो असतो.

पण मधे एक फेब्रुवारी येऊन गेला.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला, वैनगंगेपासून जवळ. धानाचा मुलूख. चुलतबहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस घरी होतो. एका संध्याकाळी आशाताई रजिस्टर घेऊन अंगणात आल्या. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम सुरू होती. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा पट्टा आहे, त्यामुळे ही मोहीम आमच्याकडे नवी नाही. आशाताईंनी वय विचारलं, उंची मोजली, गोळ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "माझ्यासमोरच घ्या दादा."

मी म्हणालो, "अजून जेवलो नाही. जेवून घेतो."

उपाशीपोटी घ्यायच्या नसतातच, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. अजून वीस घरं बाकी होती. माझ्या नावापुढे खूण करून त्या गेल्या. गोळ्या माझ्या शर्टाच्या खिशात राहिल्या. जेवलो, आणि घेतल्या नाहीत. मनात एवढंच होतं : मी धडधाकट माणूस, पुण्यात राहतो, मला कशाला औषध? उगाच केमिकल पोटात कशाला?

आता आजीबद्दल सांगतो. तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला आहे. मी जन्मल्यापासून तो तसाच पाहतोय. गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तिथे ती नेहमी अगदी मागे, भिंतीला टेकून, लुगड्यात पाय झाकून बसते. लहानपणी मी विचारलं होतं, आजी पुढे का बसत नाही? शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मागल्या जन्माचं भोगून रायली ते." ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं खरी धरून चाललो होतो. आज मला त्याची लाज वाटते, आणि गीता वाचणाऱ्या माणसाला तर जास्तच वाटायला हवी. डास कोणाच्या पुण्याचा हिशोब बघून चावत नाही.

दुसऱ्या दिवशी आजीने माझा शर्ट धुवायला घेतला आणि खिसा चाचपला. गोळ्या तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर आली.

"हे काय होय गा बाबू?"

मी काहीतरी पुटपुटलो. मला काही झालं नाही वगैरे.

ती म्हणाली, "तुले काही झालं नाही म्हणून तू नाही खाल्ली. मले बी काहीच झालं नव्हतं गा. तुझ्याहून लहान होती मी."

पुढे ती काही बोलली नाही. गोळ्या चौकटीवर ठेवल्या आणि कपडे धुवायला निघून गेली.

मित्रांनो, या आजाराचं नेमकं हेच आहे. जंत सुतासारखा बारीक. तो आपल्या लसीकावाहिन्यांत सहा-आठ वर्षं राहतो. त्याची लाखो पिल्लं रक्तात फिरतात, आणि तीही रात्री. म्हणून आरोग्य खात्याची माणसं रक्ताचा थेंब घ्यायला रात्री येतात. लागण बहुतेक वेळा लहानपणीच होते, सूज पुष्कळ वर्षांनी दिसते. मधल्या काळात माणूस शेतात राबतो, लग्नं करतो, पुण्याला नोकरीला जातो. त्याला काहीही होत नसतं. रात्री त्याला डास चावतो. त्या डासाच्या अंगात दहा-बारा दिवसांत ती पिल्लं वाढतात आणि तोच डास शेजारच्या पाळण्यातल्या लेकराला चावतो. असे पुष्कळ डास पुष्कळ दिवस चावले की लागण पक्की होते. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्यांनी गोळ्या घेतल्या तर रक्तातली ही पिल्लं संपतात आणि डासाला न्यायला काही उरत नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं यांना गोळ्या देत नाहीत. म्हणजे त्यांची राखण बाकीच्यांनी गिळलेल्या गोळ्यांवर आहे.

आमच्या घरात तेव्हा चुलतभावाचं अकरा महिन्यांचं बाळ होतं.

आता पुन्हा श्लोकाकडे या. युक्त हा शब्द ‘युज्’ धातूपासून येतो. युज् म्हणजे जोडणं. योग शब्दही तिथूनच. माझ्या घड्याळाने मला युक्तचा अर्थ मोजलेलं एवढाच शिकवला होता. पण भगवंतांनी वापरलेल्या शब्दाच्या मुळाशी जोडलेलं असणं आहे. तिसऱ्या अध्यायात तेच भगवान लोकसंग्रहासाठी कर्म कर म्हणतात, ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचं उरलं नाही त्यानेसुद्धा. मला औषधाची गरज नाही, हे क्षणभर खरं धरलं तरी गोळी न घेण्याचं कारण त्यात कुठे सापडतं? मला तर सापडलं नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीता लिहिली तेव्हा देवदर्शनापासून सुरुवात केली आणि पुढे बारावा अध्याय ग्रामशुद्धीला, चौदावा ग्राम-आरोग्याला दिला. नाली, उकिरडा, पिण्याचं पाणी हे विषय त्यांनी पोथीत घातले. आमच्या गावात ती पोथी लाल कापडात असते, तिला फुलं वाहतात. मंदिरामागची नाली मात्र तुंबलेली असते. हत्तीरोगाचा डास अशाच घाण पाण्यात अंडी घालतो, नालीत, शौचालयाच्या टाकीत. टाकीच्या हवेच्या पाइपाला जुन्या लुगड्याचा तुकडा किंवा जाळी बांधली तरी टाकीतले डास बाहेर पडत नाहीत. एवढं सोपं काम. गाडगेबाबा दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. झाडू आधी, कीर्तन मग. आपण कीर्तन युट्यूबवर ऐकतो आणि झाडू मावशींच्या हातात देतो. (हे मी स्वतःलाच बोलतोय, रागावू नका.)

त्या दिवशी दुपारी मी आजीसोबत बसून जेवलो, शर्ट घातला आणि आशाताईंच्या घरी गेलो. म्हटलं, काल खोटं बोललो, आता तुमच्यासमोर घेतो. त्या हसल्या. "रोज दोन-चार भेटतात दादा असे. परत कोणी येत नाही." अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते, बाकीच्या पाण्यासोबत.

रात्री मला ताप आला. डोकं दुखलं, अंग मोडून आलं, मळमळलं. मी घाबरून ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रक्तात जंत असले की ते मरताना असं होतं, एक-दोन दिवसांत उतरतं, नाही उतरलं तर सकाळी आरोग्य केंद्रात या. सकाळपर्यंत उतरला. ताप कुणाला दुसऱ्या कारणानेही येऊ शकतो, मी डॉक्टर नाही. पण त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या माझ्या रोजच्या दहा हजार पावलांची मला काहीच शान वाटत नव्हती. पाळण्यातलं बाळ रडत होतं, आणि मी प्रत्येक सुट्टीत याच घरात, याच अंगणात, मच्छरदाणीशिवाय झोपत आलो होतो.

त्या आठवड्यात मी आजीचा युक्त विहार पहिल्यांदा नीट पाहिला. प्रार्थना संपली की ती सरळ न्हाणीत जाते. पाटावर बसते, साबण लावून पाय हळूहळू धुते, गार पाण्याने. मग मऊ जुन्या धोतराच्या फडक्याने पुसते, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात फडकं घालून. ओल राहिली की कातडी फुटते, फटीतून जंतू शिरतात, आणि मग थंडी वाजून ताप. पूर्वी रोवणीच्या दिवसांत, चिखलात उभं राहून राहून, असा ताप तिला वारंवार यायचा आणि मजुरी बुडायची. आरोग्य केंद्रातल्या एका नर्सने तिला हे धुणं शिकवलं. तेव्हापासून खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा आहेत, झोपताना पाय उंच राहावा म्हणून. पडल्या पडल्या ती घोटा वर-खाली हलवते आणि तोंडाने नाम चालू असतं. सूज गेली नाही, ती आता जाणारही नाही. पण तापाच्या त्या फेऱ्या जवळजवळ थांबल्यात. तिने हे कधी चुकवलेलं घरात कोणाला आठवत नाही. माझे सूर्यनमस्कार पाव्हणे आले की चुकतात.

पुण्याला परतलो आणि पहिल्याच सकाळी देवघरापाशी बसलो. देवघराशेजारी भंडाऱ्याहून आणलेलं पितळेचं भांडं आहे, त्यात पाण्यात लकी बांबू ठेवलेला. सहज वाकून पाहिलं. आत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास उलटा, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मी ज्या जागी रोज ध्यानाला बसत होतो, तिथून दोन हातांवर डास पाळत होतो. खालच्या मजल्यावर एक बाई सात महिन्यांची गरोदर आहे.

तेव्हापासून माझा शनिवार कोरडा असतो. भांडं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचा ट्रे, बाल्कनीतली बादली, सगळं ओततो आणि आतून घासतो, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पंधरा मिनिटं लागतात. नामस्मरण त्यातच होतं.

तुमच्यापैकी जे नागपूर-भंडाऱ्याकडचे आहेत, मुंबई-पुण्यात राहतात आणि सुट्टीत घरी जातात, त्यांनी गोळ्यांची मोहीम सुरू असेल तर जेवण झाल्यावर आशाताईंना थांबवा आणि त्यांच्यासमोरच गोळ्या घ्या. घरी फोन करून आई-बाबांनी घेतल्या का तेही विचारा. आमच्याकडे काकांच्या गोळ्या देवघरातल्या डबीत सापडल्या. प्रसादासारख्या जपून ठेवलेल्या!

परवा आजीशी बोललो. बाळाला मच्छरदाणी घेतली म्हणाली, आणि पाइपाला तिचं जुनं हिरवं लुगडं बांधलंय. प्रार्थनेला पुढे बसतेस का, विचारलं. म्हणाली, "मागंच बरं वाटते गा. भिंत रायते टेकाले."

उद्या अठरावा श्लोक.

राम कृष्ण हरी. जय गुरुदेव.