जाते गहाण ठेवावे काय?

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात धनको व ऋणको यांच्यासंबंधी काही नियम दिलेले आहेत. त्यांतील एक नियम (अनु. २४:६) इतका लहान आहे की, वाचताना तो सहज नजरेतून निसटतो. कर्जापोटी कोणाचे जाते, किंवा जात्याची नुसती वरची तळीदेखील, गहाण घेऊ नये, असा त्याचा आशय आहे. जाते उचलून नेले की घरात पीठ नाही, आणि पीठ नाही तर भाकरीही नाही. म्हणजे गहाण पडते ते दगडाचे जाते नव्हे, तर त्या घरातील माणसांचा जीव. कर्ज देऊ नये असे येथे म्हटलेले नाही. घेतलेले कर्ज बुडवावे असेही नाही. धनकोचा हात कोठे थांबला पाहिजे, एवढेच सांगितले आहे.

आता घरोघर जाती राहिली नाहीत. परंतु ज्या साधनावर पोट चालते तेच गहाण पडण्याचा प्रसंग काही संपलेला नाही. जमीन कसणारा शेतकरी आणि ट्रॅक्टर किंवा कापणी यंत्र घेऊन दुसऱ्यांची शेते नांगरणारा, कापणारा कंत्राटदार, या दोघांच्याही दारात तो उभा आहे. शेतीचे कर्ज म्हणजे उद्याच्या नावाने आज केलेला करार. आणि उद्याची खात्री तर कोणालाच नाही. मग त्या उद्याचा धोका कोणी सोसावा? केवळ हिशेबाने सुटणारा हा प्रश्न नाही. तो नीतीचाही आहे.

गोव्याच्या डिचोली तालुक्यात पाळी नावाचे गाव आहे. एका बाजूला भाताचे कुणगे आणि दुसऱ्या बाजूला लोहखनिजाच्या खाणी, असा हा सगळा टापू आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी वाढली. खनिजाचा भाव चढला, आणि २०१०-११ या वर्षी गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहून नेण्यासाठी ट्रक हवे होते. शेतीवर जगणाऱ्या कित्येक घरांनी कर्ज काढून ट्रक घेतले. शेतात वर्षाकाठी जे हाती येई ते ट्रकाच्या थोड्या दिवसांच्या फेऱ्यांत मिळू लागले. मग चिखलात उतरावे कोणी? कुणगे पडीक राहिले.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामावरील शहा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्य सरकारने खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१५ नंतर काम काही प्रमाणात पुन्हा सुरू झाले. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले. कर्जाचा हप्ता मात्र उभा राहात नाही. तो दरमहा चालतच असतो.

ही बंदी अन्यायाची होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. खाणीच्या ढिगाऱ्यांवरची माती पावसाळ्यात खाली वाहून येते आणि भातशेतीत गाळ होऊन बसते. हे दुःख डिचोली तालुक्यातील शेतकरी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. एका भावाच्या ट्रकाची फेरी आणि दुसऱ्या भावाच्या शेतातील गाळ ही एकाच डोंगराची दोन फळे होती. पण ट्रकाचे कर्ज घेणाऱ्याने खाणीचा परवाना दिला नव्हता, त्याचे नियमही मोडले नव्हते. वर बसलेल्यांनी घेतलेल्या निर्णयांचे ओझे खालच्याच्या हप्त्यावर येऊन पडले. २०१४ साली गोवा सरकारला अशा कर्जदारांसाठी कर्जमुक्तीची योजना काढावी लागली, यावरूनच ते ओझे एकट्यादुकट्या घराचे नव्हते हे दिसून येते.

आपल्या इतिहासाला हे नवे नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेव्हा तेथील कापूस विलायतेला मिळेना आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार मागाल तेवढे कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. कर्जरोखे मात्र तसेच राहिले. अखेर मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी लोकांनी सावकारांची घरे गाठली आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसत्या रोख्यावर न थांबता त्या कर्जाचा मागचा सारा इतिहास न्यायालयाने तपासावा, आणि कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, असे त्यात ठरले. कागदावरचा आकडा म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलमही असेच आहे. शेतकऱ्याची औते, चरितार्थास लागणारी जनावरे आणि बियाणे यांवर जप्ती आणता येत नाही. जात्याचा तो जुना नियम जणू आपल्या न्यायालयापर्यंत चालत आला.

परंतु येथेच आजची खरी अडचण आहे. नांगर आणि बैल यांना कायद्याने राखले, ट्रॅक्टरचे काय? जो ट्रॅक्टर घेण्यासाठी कर्ज काढले, तोच ट्रॅक्टर त्या कर्जाला तारण असतो. कापणी यंत्राचेही तसेच. म्हणजे जाते विकत घेतानाच ते गहाण पडलेले असते. हप्ते थकले की यंत्र ओढून नेले जाते, आणि ज्याच्यावर पैसा मिळवून कर्ज फेडायचे तेच हातचे जाते.

या यंत्रवाल्याची स्थिती आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. शेतकऱ्याचे दुःख निदान बोलले तरी जाते. गोव्यात आणि कोकणात शेतांचे तुकडे लहान, मजूर मिळत नाहीत. तेव्हा यंत्राशिवाय शेत उभे राहणे कठीण झाले आहे. परंतु सरदीचे भात पिकते ते सगळीकडे एकाच सुमारास. यंत्राला काम मिळते ते थोडे आठवडे. हप्ता मात्र बारा महिन्यांचा हिशेब धरून बसलेला. डिझेल रोखीने घ्यावे लागते, चालकाला पगार द्यावा लागतो, पट्टा तुटला तर दुकानदार थांबत नाही. शेतकरी मात्र म्हणतो, भात विकले की देतो. त्याचेही खोटे नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारीचे पाणी सुटून डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील नदीकाठची गावे बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर क्यार वादळाच्या पावसाने कापणीला आलेले भात आडवे केले. अशा वर्षी शेतकऱ्याने द्यावे कोठून? आणि यंत्रवाल्याने आपला हप्ता भरावा कोठून? सरकारी नुकसानभरपाई मिळाली तर ती शेताची मिळते. शेतकऱ्याने यंत्रवाल्याकडे ठेवलेली उधारी कोणत्याच सरकारी वहीत नसते. २००८ साली केंद्र सरकारने मोठी कर्जमाफी केली, तीही बँका आणि सहकारी संस्था यांच्या कर्जापुरती होती. वहीबाहेरचे देणे माफ करणारा कोणी नसतो. ते माणसामाणसांतच मिटवावे लागते.

म्हणूनच आपण तीन गोष्टींचा विचार करावा असे वाटते.

पहिली गोष्ट दिलेल्या शब्दाची. परिस्थिती बदलली म्हणून शब्द सुटतो काय? सुटत नाही. फेडीन म्हणून सही केली ती केली. परंतु 'देऊ शकत नाही' आणि 'देत नाही' यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ज्याची कापणी वाहून गेली तो लबाड नव्हे. मात्र घरात लग्नाला मांडव घालतो आणि यंत्रवाल्याला पुढच्या हंगामाचा वायदा करतो, त्याने वादळाचे नाव पुढे करू नये. देणेकऱ्याचे पहिले कर्तव्य लपून न राहण्याचे आहे. पैसे नसतील तर तोंड चुकवू नये. दारी जाऊन खरी स्थिती सांगावी आणि थोडे का होईना हातावर ठेवावे. त्याने कर्ज फिटणार नाही, पण विश्वास तुटणार नाही. खेड्यात विश्वास तुटला की पुढच्या हंगामाला यंत्र येत नाही.

दुसरी गोष्ट धनकोची. कोणी म्हणेल, बँकेचा पैसा काय आकाशातून पडतो? तो कोणा विधवेची, कोणा निवृत्त शिक्षकाची ठेव असतो. तिची काळजी नको काय? आक्षेप खरा आहे, आणि सरसकट माफी हे प्रत्येक दुखण्याचे औषध नव्हे. परंतु धोका सोसण्याची शक्ती सर्वांची सारखी नसते. हजार कर्जदारांपैकी शंभर थकले तर संस्थेच्या नफ्याला खोट बसते. एका घराचे एकच यंत्र गेले तर त्या घराला काहीच उरत नाही. नदीला पूर आला की मोठी होडी हलते, लहान होडी उलटते. म्हणून ज्याला अधिक पेलते त्याने अधिक पेलावे, हप्त्याला हंगामाची जोड द्यावी, वाईट वर्षी मुदत वाढवावी, आणि कमाईचे साधन उचलणे अगदी शेवटचा उपाय म्हणून ठेवावे. ही दया नव्हे, हा न्याय आहे.

तिसरी गोष्ट मधल्या माणसाची, आणि तीच सर्वांत अवघड. यंत्रवाला वर पाहिले तर ऋणको, खाली पाहिले तर धनको. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील चाकराची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. अफाट कर्ज माफ झालेला तो चाकर बाहेर पडतो आणि थोडक्या पैशासाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. आपण त्याला चटकन दुष्ट ठरवून मोकळे होतो. परंतु मधल्या माणसाची ओढाताण ज्याने पाहिली आहे त्याला हेही कळेल की, वरचा धाक खाली ओतण्याचा मोह किती सहज होतो. यंत्रवाल्याने ट्रॅक्टर कंपनीच्या माणसाकडे जी मुदत मागितली, तीच त्याने शेतकऱ्याला द्यावी. शेतकऱ्याने बँकेकडे जी मुदत मागितली, तीच त्याने आपल्या मजुराच्या बाबतीत मात्र मागू नये, कारण मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे त्याच अध्यायात (अनु. २४:१५) सांगितले आहे. ओझे खाली सरकवता सरकवता ते शेवटी ज्याच्यापाशी जाऊन थांबते, त्याच्या खाली कोणीच नसते.

मंडळी म्हणून आपण काय करू शकतो? जर्मनीतील रायफायझेन नावाच्या एका गावप्रमुखाने १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात गरिबांच्या भाकरीसाठी गावात संघटना उभी केली. पुढे त्याने शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढल्या. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी मिळून कर्जाची हमी घ्यावी, म्हणजे सावकाराची गरज राहात नाही, हा त्याचा विचार होता. भारतातील १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा याच धर्तीवर झाला. आपल्या गावोगावच्या सोसायट्यांचे मूळ तेथे आहे. शेजाऱ्याचा धोका आपण वाटून घेतला तर तो हलका होतो, ही त्यामागची साधी समजूत होती. आज त्या सोसायट्यांत सभासदाने हिशेब विचारणे आणि वार्षिक सभेला हजर राहणे हेदेखील शेजारधर्माचेच काम आहे.

याखेरीज आणखी काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. कोणी नवे यंत्र किंवा ट्रक घेऊ म्हणत असेल, तर सही होण्यापूर्वी मंडळीतील जाणत्याने त्याच्याबरोबर बसून हिशेब करावा: वर्षात किती दिवस काम, एका वाईट वर्षात हप्ता कोठून येईल? जामीन राहण्यापूर्वी नीतिसूत्रांचा सहावा अध्याय वाचावा. भिडेखातर जामीन राहून दोन घरे बुडतात. हंगाम संपला की आधी यंत्रवाल्याची उधारी चुकती करावी आणि मग उरलेल्याचा विचार करावा. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्या चाकराची गोष्ट सांगताना मुलांना विचारावे: ज्याला तुरुंगात टाकले त्या सोबत्याच्या घरी त्या रात्री काय शिजले असेल? मुलांना उत्तर चटकन सुचेल, कारण कित्येकांनी ती रात्र घरात पाहिलेली असते.

आणि एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. कर्जात असलेला माणूस पहिल्यांदा उपासनेला येणे बंद करतो. लोक विचारतील म्हणून, किंवा ज्याचे देणे आहे तोच पुढच्या बाकावर बसलेला असेल म्हणून. त्याची जागा दोन आठवडे रिकामी दिसली तर कोणीतरी त्याच्या घरी जावे. हातात उपदेश घेऊन जाऊ नये. हिशेबाची वही घेऊन जावे, आणि त्याच्या शेजारी बसावे.